एप्रनची झालर आणि पॅटर्नमधली ती एक ओळ

सजावटीचा एप्रन शिवायला घेतला तेव्हा खिशावरची लेस आणि गळ्याचा पट्टा यांचीच धास्ती होती. ते दोन्ही विनातक्रार झालं. अडलं ते झालरीपाशी. पॅटर्नमध्ये तिच्यासाठी सूचना काय, तर पट्टीला दीडपट चुण्या घालून (म्हणजे कडेच्या दीडपट लांब पट्टी चुण्यांनी कडेएवढी करून) खालच्या कडेला जोडा. खिशाला पायरीपायरीची चित्रं आणि झालरीला एक ओळ! त्याचा राग अजून गेलेला नाही.

एप्रनचे खालचे कोपरे गोल होते. सांगितल्याप्रमाणे पट्टीचे आणि कडेचे सारखे भाग पाडले, खुणा जुळवल्या, शिवलं. सरळ भागात झालर सुरेख पडली, कोपऱ्यांवर मात्र आत वळून वाटीसारखी झाली. वाफेची इस्त्री फिरवली, उसवून चुण्या पुन्हा सारख्या केल्या, तरी तेच. शेवटी टेप घेऊन बसले, तेव्हा खरं कारण सापडलं. गोलाईची त्रिज्या १० सेंमी, म्हणजे कोपऱ्यातली शिवण साधारण १५.७ सेंमी. झालर ८ सेंमी रुंद, म्हणून तिची बाहेरची कड १८ सेंमी त्रिज्येवरून फिरते आणि तिला २८ सेंमीहून जास्त कापड लागतं. दीडपटीने मिळतं जेमतेम साडेतेवीस. कड सपाट पसरायलाच कापड पुरत नाही, मग चुण्या पडणार कुठून? पॅटर्न काढणाऱ्याने हे एका वाक्यात सांगायला हवं होतं.

तुमचंही असं झालं तर सगळी झालर उसवू नका. गोलाई आणि तिच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटं, एवढंच उसवा. सरळ भागातल्या चुण्या कोपऱ्याकडे सरकवायचा मोह होईल, पण मग तो भाग ओका दिसतो. मी पट्टी कोपऱ्याच्या मधोमध कापली आणि तिथे १७ सेंमीचा तुकडा जोडला, जोडाची माया, म्हणजे शिवणीबाहेर ठेवायचं जास्तीचं कापड, वेगळी धरून. कोपऱ्याला अडीचपट कापड मिळालं. जोड चुण्यांत असा लपतो की शोधूनही सापडत नाही. तुकड्याचा उभा धागा (कापडाच्या काठाला समांतर जाणारा) मात्र पट्टीच्याच दिशेने ठेवा.

चुण्यांसाठी मशीनवर सगळ्यात लांब टाका घ्या, ४ ते ५ मिमीचा, आणि वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. शिवणरेषेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन ओळी घालून बॉबिनचे दोन्ही दोरे एकदम ओढा. एकाच ओळीवर भागवलं तर चुण्या शिवताना आडव्या होतात. जोडताना झालर वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे प्रत्येक चुणी सुईखाली जाताना दिसते.

झालरीची खालची कड चुण्या घालण्याआधीच दुमडून शिवायची, हेही त्या कागदावर नव्हतं. नंतर तुकडा जोडायची वेळ आली तर जोडाजवळची कड थोडी उसवून पुन्हा दुमडावी लागते, पण तेवढं चालतं. आणि हो, पॅटर्न घरी छापत असाल तर त्यावरचा मापाचा चौकोन आधी मोजपट्टीने मोजा. कागदात बसवून छापण्याचा पर्याय चालू राहिला तर सगळी मापं लहान होतात. सुती कापड कापण्यापूर्वी धुऊन घ्या.

गोलाईवर शिवणीच्या मायेला लहान त्रिकोणी काप दिले, माया एप्रनच्या बाजूला दाबली आणि वरून एक टीप मारली. आता कोपऱ्यांवरची झालर सरळ भागापेक्षाही डौलदार पडते.