ब्रेकवर बोटं होती, पण कळत नव्हती

आज पहाटे सिग्नलला ब्रेक दाबला आणि बोटं लिव्हरवर आहेत की नाहीत तेच कळेना. खरंच घाबरले. हवेत 10 अंश असले तरी ताशी 50 च्या वेगात ते 5-6 अंशांसारखे झोंबतात, आणि माझे लोकरीचे हातमोजे वारा अडवतच नव्हते. गाडी बाजूला घेऊन हात काखेत धरून उभी राहिले. रक्त परतताना टोकांना नुसत्या सुया टोचत होत्या.

येताना पातळ हातमोज्यांवर वारा न शिरणारे, जरा सैल असे दुसरे चढवले (घट्ट असले की रक्त अडतं). जाकिटाची चेनही गळ्यापर्यंत. अंग गार पडलं की शरीर आधी हातांचं रक्त कमी करतं, आणि मी रोज गळा उघडा ठेवून निघायचे!

घरी पोचल्यावर कुलपात किल्ली पहिल्या फटक्यात गेली.