तट, ओटा आणि शटर

ठाण्याच्या किल्ल्याला आपलं काम बदलणं जड गेलं नाही. १७३०च्या दशकात पोर्तुगीजांनी तो बांधायला घेतला, १७३७मध्ये मराठ्यांनी आणि १७७४मध्ये इंग्रजांनी जिंकला. पुढे त्याचा तुरुंग झाला, तेव्हा पहारेकऱ्यानं बाहेरचं तोंड आत वळवलं, एवढाच काय तो फरक! क्रांतिकारक अनंत कान्हेरे १९१०मध्ये तिथेच फासावर गेले. तट उभे राहिले, कारण ते पाडावेच लागले नाहीत.

ठाण्याच्याच बाजारातल्या जांभळी नाक्याकडच्या जुन्या घरांना ही सोय नाही. घराचं दुकान करायचं म्हणजे आधी ओटा जातो, मग पुढची भिंत. आणि माडीचा भार नेमका त्याच भिंतीवर असतो. म्हणून आधी तुळयांना खालून टेकू द्यायचे, भिंतीत भोकं पाडून आडवे आधार घालायचे, मग लोखंडी गर्डर बसवायचा. त्याची टोकं दोन्हीकडे किमान नऊ इंच, तीही दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकलेली हवीत. मऊ जुन्या विटेवर टेकवली तर वीट चुरते, गर्डर खचतो आणि माडीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. घाईचा कंत्राटदार हा ठोकळाच वाचवतो.

माडीचं गोदाम करणं तर त्याहून वाईट. राहत्या घराची जमीन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात, दुकानाची ४०० धरून. कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचले की त्याच्याही पुढे. लाकूड लगेच मोडत नाही, वर्षानुवर्षं वाकत राहतं. तोवर खाली नव्या फॉल्स सीलिंगनं ते झाकलेलं असतं.

चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवायची हौस मात्र सगळ्यांनाच. चुना ओल आत घेतो, बाहेर सोडतो. सिमेंट तिला कोंडतं. मग क्षार वर येतात, पोपडे सुटतात, आणि दोष पावसाला! गिलावा चुन्याचाच करावा, साधारण एका भागाला तीन भाग वाळू, आणि सुकायला वेळ द्यावा. दिवाळीच्या आत दुकान उघडायचं असेल तर तो वेळ कुणाकडेच नसतो.

जागा घेण्याआधी तुळईचं भिंतीत शिरणारं टोक स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहावं. माडीवरच्या मोरीची ओल आधी तिथेच मुरते. पातं सहज आत गेलं, तर भाड्याची बोलणी तिथेच थांबवून आधी इंजिनियरला बोलवावं.