ट्वीटर जळाला तेव्हा वॅटचा हिशेब मांडला

गेल्या दिवाळीत माझ्या डाव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, गेला. तबल्याची चाट ऐकूच येईना, नुसता डग्ग्याचा घुमारा. ट्वीटर काढून त्याच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला, तर काटा हललाच नाही. कॉइल तुटलेली. माझा अ‍ॅम्प्लिफायर 20 वॅटचा आणि स्पीकरवर लिहिलेलं 100 वॅट. एवढ्याशा अ‍ॅम्पने हा स्पीकर जळेलच कसा?

पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका कारागिराने उलगडा केला. ताकद अपुरी पडली की अ‍ॅम्प लाटेचा माथा छाटतो. छाटलेल्या लाटेत वरच्या कंपनसंख्यांचा जोर वाढतो आणि तो सगळा नाजूक ट्वीटरवर पडतो. स्पीकरवरचे 100 वॅट हे त्याच्या सोसण्याचे, गरजेचे नव्हेत.

मग घरी कागद घेऊन बसलो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी 85 डेसिबल, म्हणजे एक वॅटला एक मीटरवर एवढा आवाज. आमचा सोफा तीन मीटरवर. तिथवर सहा-सात डेसिबल गळतात, दोन स्पीकर मिळून तीन परत मिळतात. सोफ्यावर उरले 81. ख्याल मी साधारण 75 ला ऐकतो, म्हणजे पाव वॅट पुरे! मी दोनदा पडताळून पाहिलं. पण चांगल्या ध्वनिमुद्रणात समेवरची थाप सरासरीच्या 20 डेसिबल वर उडी मारते, आणि दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट होतात. 95 गाठायला 25 वॅट लागतात. पाहुणे आले की मी आवाज पाचेक डेसिबल चढवायचो. तेव्हा लागत होते 80.

दुकानात ‘हजार वॅट पीएमपीओ’वाल्या, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा मिरवणाऱ्या, खोक्यांकडे वळलोही नाही. एकच विचारलं: डावं-उजवं दोन्ही चॅनेल एकदम चालवल्यावर, 8 ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा), प्रत्येकी आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॅट, किती? शिवाय माझे स्पीकर 6 ओहमचे, आणि ओहम कमी तसा अ‍ॅम्पवर ताण जास्त, म्हणून 4 ओहमला चालेल ना, तेही पाहून घेतलं. 80 वॅटचा घेतला.

नवा ट्वीटर बसवून एकल तबला लावला, आवाज पूर्वीइतकाच. तिहाई समेवर आली आणि शेवटच्या ‘धा’ला चाट वेगळी, डग्गा वेगळा ऐकू आला. पूर्वी नेमका तिथेच आवाज फाटायचा, आणि मी ध्वनिमुद्रणालाच दोष देत आलो होतो.