मेणाचा कान

पहिल्या सत्रात मी अडकले ती कानात. अपघाताने किंवा आजाराने बिघडलेला मृताचा चेहरा पूर्ववत करण्याचा एक विषय असतो, रिस्टोरेटिव्ह आर्ट. त्यात मेणाचा कान करायचा होता. मी केलेला कान सरांनी तळहातावर घेतला आणि विचारलं, "हा उजवा की डावा?" मला सांगता येईना. कान परत मेणाच्या गोळ्यात गेला.

कानाची उंची साधारण नाकाएवढी, भुवईच्या रेषेपासून नाकाच्या बुडापर्यंत. हे पाठ होतं. पण वरची वळी आत कुठे शिरते, पाळ गालाला कशी चिकटते, हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं. मग महिनाभर बसमध्ये पुढच्या सीटवरच्या लोकांचे कान न्याहाळत बसायचे. दोनदा लोकांनी जागा बदलली.

मी अकाउंट्समधली नोकरी सोडून मॉर्च्युअरी सायन्सला, म्हणजे मृतदेह अंत्यविधीसाठी तयार करण्याच्या अभ्यासक्रमाला, आले होते. सगळे विचारायचे, भीती नाही वाटत? मृतदेहाची सवय आठवडाभरात झाली. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनची मात्र आजही नाही, डोळ्यांत झोंबतंच. आई फोनवर आधी विचारायची, "हात धुतलेस ना नीट?" धसका होता तो अभ्यासाचा. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, कायदा, शोकाचं मानसशास्त्र, हिशेब. हिशेबात तेवढी मी वर्गात पहिली.

इतिहासाच्या तासाला कळलं, की फॉर्मॅलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडचा शोध पक्का झाला तो १८६७ साली, रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांच्या हातून. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा देह १८६५ मध्ये रेल्वेने गावोगावी नेला, तेव्हा ते वापरात नव्हतं. त्या काळी देह टिकवायला आर्सेनिकसुद्धा धमनीत सोडत. टोचणाऱ्याच्या जिवाचा विचार कोण करतो!

रसायनशास्त्र कशाला शिकायचं, हे उमेदवारीत समजलं. काविळीने गेलेले एक गृहस्थ आले होते. देह धुऊन झाला, मरणोत्तर ताठरपणा घालवायला मी कोपर-गुडघे हळूहळू वाकवून घेतले, मानेतली कॅरोटिड धमनी शोधली आणि नेहमीचं द्रावण मशीनमध्ये ओतायला बाटली उचलली. ज्यांच्या हाताखाली शिकत होते त्या बाईंनी माझं मनगट धरलं. "रंग बघ आधी." काविळीतला पिवळा बिलिरुबिन फॉर्माल्डिहाइडने हिरवा होतो. पिवळा चेहरा मेकअपने झाकता येतो. हिरवा झाकताना नाकी नऊ येतात. काविळीसाठी सौम्य द्रावण वेगळं असतं. पेपरात हे उत्तर मी अचूक लिहिलं होतं, पूर्ण मार्कांचं.

बाकीची उमेदवारी कागदांत गेली. मृत्यूचा दाखला, दहनाची परवानगी, पेसमेकर काढल्याची नोंद. तो आत राहिला तर भट्टीत बॅटरी फुटते. परवान्याची परीक्षा एका दमात सुटली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं घडलं ते परवाना मिळाल्यावर, पहिल्याच महिन्यात. एका आजोबांचं काम मी एकटीने केलं. मुलाने मोबाइलवरून फोटो पाठवला होता. फोटो समोर ठेवून मी दाढी केली, ओठ मिटवले, भांग पाडला. स्वतःवर खूश होते. आजी आल्या, बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. म्हणाल्या, "हे ते नाहीत वाटत."

मी फोटो पुढे केला. त्यांनी एकदाच पाहिला. "बाळा, यांच्या शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?"

सेल्फी होता. फोनने तो आरशासारखा उलटा साठवला होता. भांग, डाव्या गालाची खळी, वर चढलेली भुवई, सगळं मी इमानेइतबारे उलट्या बाजूला बसवलं होतं. उजवा की डावा!

मी माफी मागायला लागले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. कंगवा मागितला, पाण्यात बुडवला आणि एका हाताने कपाळ धरून दुसऱ्या हाताने भांग पाडला, शाळेत जाणाऱ्या मुलाचा पाडावा तसा. मी टॉवेल धरून उभी. गालाचं आणि भुवईचं त्या बसल्या असतानाच दुरुस्त केलं, त्या सांगत होत्या, "अजून थोडं वर. अजून. हां."

आता फोटो आला की मी आधी खिसा शोधते. टी-शर्ट असला तर घरच्यांना फोन करते.