डाल्टनचा बाँड आणि तो फुगा

गुरुवार, रात्री उशिरा

टिमथी डाल्टनचं नाव निघालं की 'तो होय, दोनच बाँडपट केले आणि फार गंभीर होता' एवढ्यावर लोक विषय मिटवतात. गंभीर होता हे खरंच. पण ती तक्रार कशी काय होते, हे मला आजवर पटलेलं नाही. इयान फ्लेमिंगच्या पानांतला जेम्स बाँड गंभीरच आहे: कामाला विटलेला, दारू-सिगारेटवर रात्री काढणारा, माणूस मारायची वेळ आली की आतून आक्रसणारा. डाल्टन रंगभूमीवर घडलेला नट. भूमिका मिळाल्यावर तो मूळ पुस्तकांकडे गेला आणि तिथला माणूस त्याने पडद्यावर उभा केला.

'द लिव्हिंग डेलाइट्स'च्या (१९८७) सुरुवातीचा ब्रातिस्लाव्हातला प्रसंग बघा. मैफलीच्या मध्यंतरात फितूर सोव्हिएत जनरल कोस्कोव्ह खिडकीतून पळणार आणि समोरच्या अंधाऱ्या खोलीतून बाँडने त्याची पाठराखण करायची. खोलीत आल्यावर बाँड काळ्या जॅकेटच्या कॉलरच्या पट्ट्या एकमेकींवर ओढतो आणि वेलक्रोने चिकटवतो, म्हणजे पांढरा शर्ट अंधारात दिसायला नको. हाताशी वॉल्थर डब्ल्यूए २००० रायफल, तिच्यावर रात्री दिसणारी दुर्बीण. सोबतचा अधिकारी सॉन्डर्स विचारतो, गोळ्या मऊ टोकाच्या की पोलादी? पोलादी, कारण समोरचा नेमबाज बुलेटप्रूफ जॅकेट घालून असणार. सुताराने रंधा हातात घ्यावा तसं डाल्टन हे सगळं करतो. रुबाब नाही, कॅमेऱ्याकडे चोरटी नजर नाही, कामाला लागलेला माणूस तेवढा दिसतो.

मग दुर्बिणीत दिसते ती मघाशी चेलो वाजवणारी मुलगी. बाँड क्षणभर थांबतो, नेम हलवतो आणि गोळी तिच्या रायफलवर घालतो. सॉन्डर्स वरपर्यंत तक्रार करायला निघतो तेव्हा बाँडचं म्हणणं एवढंच, की मी धंद्यातली माणसं मारतो, हिला बंदूक धरताही येत नव्हती. आणि साहेबांनी नोकरीवरून काढलंच तर त्यांचे आभार मानीन. आधीचा बाँड रॉजर मूर याने हे म्हटलं असतं तर थिएटरात हशा पिकला असता. डाल्टन ते इतकं थकून म्हणतो की त्याला खरंच सुटका हवी आहे असं वाटतं. फ्लेमिंगच्या १९६२च्या मूळ कथेत नेमका हाच भाव आहे. तिथे जागा बर्लिनची, बाँड तीन रात्री खिडकीशी वाट बघत बसलेला, आणि शेवटी बंदुकीमागे चेलोवाली दिसल्यावर त्याचा नेम असाच हलतो.

पण मला विचाराल तर डाल्टनचा सगळ्यात मोठा क्षण व्हिएन्नातला आहे. प्राटरच्या जत्रेतला कॅफे. आधी नियमांवर बोट ठेवणारा तो सॉन्डर्स आता हवी ती माहिती शोधून घेऊन आलेला असतो, बाँड त्याचे मनापासून आभार मानतो, दोघांत पहिल्यांदाच ओलावा येतो. सॉन्डर्स निघतो आणि सरकत्या काचेच्या दाराचा सापळा त्याचा जीव घेतो. एक फुगा तरंगत येतो, त्यावर 'हेरांना मृत्यू' असे रशियन शब्द. बाँड तो फुगा मुठीत फोडतो. पिस्तूल उपसून धावतो ते नेमका एका आई-मुलासमोर जाऊन उभा राहतो. ते दोघं घाबरतात आणि आपण काय करून बसलो हे त्याच्या डोळ्यांत उमटतं. त्यानंतर काराशी, म्हणजे त्या चेलोवालीशी, बोलणारा त्याचा आवाज ऐका. मघाचा हळुवार माणूस त्यात उरलेला नसतो. हे संवादांत लिहून देता येत नाही, नटालाच करावं लागतं.

आता दोषही सांगायला हवा. हलके शेरे डाल्टनला जमत नाहीत. चेलोच्या पेटीत बसून बर्फावरून सीमा ओलांडतानाचा विनोद तो उरकून टाकतो. पण त्याला कारण आहे. बाँड कोण होणार हे नक्की व्हायच्या आधीच या पटकथेचं काम सुरू होतं. पीअर्स ब्रॉस्ननची निवड झाली होती, पण त्याच्या टीव्ही मालिकेचं कंत्राट ऐनवेळी वाढवलं गेलं आणि भूमिका डाल्टनकडे आली. त्यामुळे लेसरवाली, बर्फावर घसरणारी अ‍ॅस्टन मार्टिन मूरच्या काळातली आणि तिच्यात बसलेला माणूस फ्लेमिंगचा, असा तो जोड आहे. सांधा दिसतोच.

'लायसन्स टू किल' (१९८९) मात्र त्याच्याच मापाने बेतलेला. बाँडचा मित्र फेलिक्स लायटर याला शार्कच्या तोंडी देणं आणि त्याच्या अंगावर ठेवलेली ती क्रूर चिठ्ठी, दोन्ही फ्लेमिंगच्या १९५४च्या कादंबरीतून घेतलेलं. ब्रिटनमध्ये १५ वर्षांखालच्यांना मनाई झालेला हा पहिला बाँडपट, म्हणजे पोराबाळांसह येणारा हक्काचा प्रेक्षक तिथेच गेला. अमेरिकेत त्याच उन्हाळ्यात बॅटमॅन आणि इंडियाना जोन्स समोर उभे. कमाई घटली आणि खापर फुटलं डाल्टनच्या डोक्यावर. पुढे हक्कांच्या कोर्टकज्ज्यात मालिका अडकली, दोन सिनेमांत सहा वर्षांचा खंड पडला, आणि १९९४मध्ये त्याने भूमिका सोडली. २००६मध्ये डॅनियल क्रेगच्या जखमी, रागीट बाँडचं 'नवा' म्हणून कौतुक झालं तेव्हा, खरं सांगतो, वाईट वाटलं. क्रेग उत्तमच आहे. पण ती वाट आधी कोणी तुडवली होती, हे कोणीतरी म्हणायला हवं होतं.

दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा, आधी ८७चा, मग ८९चा, आणि मूळ इंग्रजी आवाजातच. डबिंगमध्ये त्याचे विराम भरून निघतात आणि तिथेच सगळं हरवतं. दुसऱ्यात लग्नानंतरच्या त्या छोट्या जागेपाशी थांबा. फेलिक्सची नवी नवरी डेला थट्टेने बाँडला म्हणते, आता पुढची पाळी तुझी. त्याचा चेहरा मिटतो, तो निरोप घेऊन निघतो आणि फेलिक्स तिला हळूच सांगतो की याचंही एकदा लग्न झालं होतं. डाल्टनला इथे जेमतेम दोन शब्द आहेत.

त्याच लग्नात फेलिक्स आणि डेलाने त्याला नाव कोरलेला सिगारेट लायटर भेट दिलेला असतो. शेवटी फेलिक्सला शार्कच्या तोंडी देणारा खलनायक सांचेझ पेट्रोलने भिजलेला, कोयता उगारून उभा, आणि खाली पडलेला, रक्ताळलेला बाँड त्याला विचारतो, कारण जाणून घ्यायचं नाही का? मग लायटर दाखवतो. त्या वेळी डाल्टनच्या चेहऱ्यावर विजय शोधून सापडत नाही. डेलाचं नाव त्या लायटरवर आहे, आणि तो पेटवायला त्याला अंगठा तेवढा हलवायचा असतो.