मेनूकार्डावरचा चिडका पास्ता

सोलापूरच्या नवी पेठेत माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारशाची कार्डं हे रोजचं काम. अलीकडं पोरांनी कॅफे काढायचा सपाटा लावलाय, त्यामुळं अधूनमधून इटलीही माझ्या टेबलावर येऊन पडते.

परवा सात रस्त्याजवळच्या एका कॅफेची यादी आली. वहीचा कागद, हिरवी शाई, वर मथळा 'सात रस्ता, सात पास्ता'. यमक जुळवणारं गिऱ्हाईक मला आधीच आवडतं. खाली मात्र पहिलंच नाव 'अरबी पास्ता'. विचारलं, खजूर घालतोस का? "नाही काका, टोमॅटो, लसूण, सुकी मिरची." म्हणजे अराबियाता! अरबांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. रोमकडचा सॉस, आणि इटालियनमध्ये शब्दाचा अर्थ चिडलेली. मिरचीनं चिडलेली, दुसरं काय. प्रूफमध्ये गंमत म्हणून 'चिडका पास्ता' टाकलं, तर पोरानं तेच पक्कं केलं. मी चाखलाय तो. शेंगाचटणीवर वाढलेल्या माणसाला तो फार तर रुसका वाटेल.

पुढं 'पेन पास्ता'. शेजारचा झेरॉक्सवाला खो खो हसला. पण इटालियनमध्ये पेन्ने म्हणजे लेखण्याच. दोन्ही टोकं बोरूसारखी तिरकी कापलेली असतात म्हणून ते नाव. तसंच ठेवलं.

अडलो ते पेपरोनी पिझ्झ्यापाशी, कारण तो व्हेजच्या रकान्यात होता. पोराच्या मामेभावानं सांगितलेलं, पेपरोनी म्हणजे ढबू मिरची. आता हे खोटं नाही. इटलीत पेपरोनी मागितली तर ढबू मिरचीच येते. पण पेपरोनी पिझ्झा हे प्रकरण अमेरिकेतलं, आणि तिथं त्याचा अर्थ डुकराच्या नि गाईच्या मांसाचं तिखट सलामी. हिरव्या ठिपक्यासमोर तो शब्द छापला, तर माळकरी माणूस तोंड न धुता उठून जाईल आणि सलामीच्या आशेनं आलेला मिरच्या बघून भांडेल. पोरगं म्हणालं, "असू द्या की, नाव भारी वाटतंय." इथं मी ऐकलं नाही. सरळ 'ढबू मिरची पिझ्झा' टाइप केलं.

मरीनारा पिझ्झ्याचं नेमकं उलटं. मरीन म्हणजे समुद्र म्हणून तो नॉनव्हेजमध्ये बसवलेला. नाव खलाशांवरून आलंय खरं, पण वर असतं काय, तर टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल. मासा तर नाहीच, चीजही नाही. चीज नाही म्हटल्यावर पोरानं पेन उचललं आणि "कोण खाणार बे हे" असं पुटपुटत ओळच खोडली. वाचलो, सगळं एकाच पानात बसलं.

'कॅफे लाटे'तला कॅफे जागेसाठी उडवावा असं त्याचं म्हणणं. सोलापुरात चालेल. इटलीत मात्र नुसतं लात्ते मागितलं की ग्लासभर दूध हातात.

शेवटची ओळ 'ग्नोची'. उच्चार न्योक्की, आणि ते बहुतेक वेळा बटाटा नि मैद्याचे उकडलेले छोटे गोळे असतात. म्हटलं, खाली बारीक टायपात 'बटाट्याचे गोळे' टाकू या, लोकांना कळेल तरी.

"नको काका," पोरगं म्हणालं, "बटाट्याचे गोळे लिहिलं तर 220 रुपये कोण देतंय?"