हौदा, फाळका आणि डिझेल: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

वाळूज एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून चालवतो. सुरुवातीला काम म्हणजे बुलबार (गाडीच्या नाकापुढे लावतात तो लोखंडी दांड्यांचा सांगाडा), कॅरिअर आणि ट्रॉल्यांचं वेल्डिंग. मग डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबारवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं आणि आम्ही ते काम बंदच केलं. धंद्याला फटका बसला, पण रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला त्याचा धोका असतो, त्यामुळे निर्णय बरोबरच होता.

तोवर इसुझूची व्ही-क्रॉस ही पिकअप (पुढे केबिन, मागे सामानाचा उघडा हौदा) रस्त्यावर आली होती, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्सही आली. शेतीवाले, कॉन्ट्रॅक्टर, ऑफरोडिंगची आवड असलेली पोरं, सगळ्यांना लिफ्ट किट (गाडी उंच करायचे सुटे भाग), जाड टायर आणि टपावर कॅरिअर पाहिजे.

खरा बदल समृद्धी महामार्गामुळे झाला. डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जी गाडी आधी साठ-सत्तरने जायची ती शंभरच्या पुढे पळायला लागली, मग प्रत्येकाची एकच तक्रार, दादा अ‍ॅव्हरेज पडलं, इंजिन बघा. इंजिनला काही झालेलं नसायचं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 60 चे 120 केले की चौपट, आणि पिकअप म्हणजे उभं नाक, खाली उघडी चासी आणि केबिनमागे एकदम खड्डा. चांगल्या सेडानचा ड्रॅग कोएफिशंट (आकारामुळे हवेचा विरोध किती होतो ते सांगणारा आकडा) 0.3 च्या आसपास असतो, पिकअपचा 0.4 च्या आसपास, शिवाय समोरून गाडी उंच-रुंद, ते वेगळंच.

बरेच जण फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, पाडून चालवायचे, हवा मोकळी जाते म्हणून. आम्ही हौद्याच्या तळाला लोकरीचे धागे चिकटवले, फाळका लावला, आणि भावाने मागच्या काचेतून मोबाईलवर शूटिंग केलं. धागे मागे उडायला पाहिजेत ना, ते केबिनकडे वळलेले! टपावरून आलेली हवा फाळक्याला धडकून खाली वळते आणि तळावरून पुढे येते, हौद्यात भोवरा तयार होतो आणि बाकीची हवा त्याच्यावरून निघून जाते. फाळका पाडला की हा भोवरा मोडतो, आणि बहुतेक वेळा विरोध कमी व्हायच्या ऐवजी वाढतोच. हा व्हिडिओ आम्ही अजून प्रत्येक गिऱ्हाईकाला दाखवतो, बघून लोक स्वतःच फाळका लावून घेतात.

त्यातनंच आमचं आजचं मेन काम उभं राहिलं, हौद्यावरचं घडीचं सपाट झाकण. फायदा थोडाच आहे, दुप्पट अ‍ॅव्हरेज वगैरे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. रिकामं कॅरिअर उतरवणं आणि वेग शंभरच्या आत ठेवणं, याने जास्त फरक पडतो. म्हणून कॅरिअर आता चार क्लॅम्पवर बसवतो, दोन माणसं पटकन काढतात.

टायरचं पण सांगतो. 255/65 आर17 मापाच्या टायरच्या जागी 265/70 आर17 घातला की टायर साधारण 5 टक्के उंच होतो, मीटर तेवढे किलोमीटर कमी दाखवतं, आणि अ‍ॅव्हरेज आहे त्यापेक्षा खराब वाटतं. आधी हे गणित करून देतो, मगच झाकणाचं माप घेतो. सध्या हायलक्सच्या झाकणाच्या रबर सीलवर काम चालू आहे, पावसाचं पाणी कोपऱ्यातून आत येतंय ते थांबलं की ऑर्डर घ्यायला सुरुवात करू.